काळ्या मातीत झोपणारा मासा: टर्क्वाइझ किलीफिश आणि त्याचं पावसाळी डबकं

ओंजळ

मंडळी, हा धागा एका माशाबद्दल आहे, पण सुरुवात मातीपासून करते.

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात मोझांबिकच्या दक्षिणेला, गाझा प्रांतात जायचा योग आला. मी जर्मनीत एका प्रयोगशाळेत काम करते. तिथे वार्धक्याचा अभ्यास चालतो आणि तो सगळा एका बोटभर माशावर उभा आहे. टाक्यांमध्ये मी हे मासे रोज बघत होते, त्यांचं गाव मात्र पाहिलं नव्हतं. आम्हाला नेणाऱ्या माणसाने मोपानेच्या झाडीतून गाडी काढली, एका सखल उघड्या जागेपाशी थांबवली आणि म्हणाला, हेच ते तळं. पाण्याचा थेंब नव्हता. गुरांच्या खुरांचे ठसे वाळून दगडासारखे झालेले, आणि जिकडेतिकडे हात आत जाईल एवढ्या भेगा. मी खाली बसून एक ढेकूळ उचललं आणि क्षणभर कुठे आहे तेच विसरले. मी मूळची परभणीकडची. वैशाखात आमचं रान असंच दिसतं.

आणि त्या वाळलेल्या थराखाली त्या क्षणी मासे जिवंत होते. अंड्यांत.

माशाचं नाव नोथोब्रँकियस फर्झेरी. इंग्रजीत त्याला टर्क्वाइझ किलीफिश म्हणतात. रिचर्ड फर्झर या हौशी संग्राहकाने तो झिंबाब्वेच्या आग्नेय कोपऱ्यातल्या गोनारेझूच्या जंगलातून आणला आणि १९७१ साली जब (Jubb) या मत्स्यतज्ज्ञांनी त्याचं शास्त्रीय वर्णन करून फर्झरचं नाव त्याला दिलं. झिंबाब्वेचा तो कोपरा आणि त्याला लागून असलेला दक्षिण मोझांबिकचा माळ, एवढंच याचं जग. नर सहा-सात सेंटिमीटरचा, अंगावर निळ्या-हिरव्या खवल्यांना लालसर किनार. शेपटी काही नरांची पिवळी, तिला काळा काठ. काहींची गडद लाल. मादी साधी, मातकट करडी, जरा लहान.

राहतो कुठे, तर नदीत नाही, बारमाही तळ्यातही नाही. पावसाने भरणाऱ्या आणि नंतर पूर्ण आटणाऱ्या डबक्यांत. तिकडचा पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. डबकं भरलं की काही तासांत अंडी फुटतात. पिल्लू असतं पाचेक मिलिमीटरचं. मग सुरू होते वाढ, आणि ती वाढ पाहून आजही माझा श्वास अडकतो. चेक विज्ञान अकादमीच्या बर्नो इथल्या संशोधकांनी, मार्टिन रायखार्ड यांच्या गटाने, २०१८ साली दाखवलं की रानातल्या डबक्यात हा मासा १४ दिवसांत वयात येतो. दोन आठवड्यांत पाच मिलिमीटरवरून काही मासे ५४ मिलिमीटरपर्यंत गेले होते. इतक्या लवकर अंडी घालण्याच्या वयात येणारा दुसरा पाठीचा कणा असलेला प्राणी माहीत नाही.

त्यानंतर मादी रोज अंडी घालते. एका वेळी एकच. नर आपला पाठीवरचा पर तिच्यावर चादरीसारखा टाकतो, दोघं तळाशी टेकतात, अंग थरथरतं आणि एक अंडं चिखलात जातं. मग पुन्हा. अशी दिवसाला वीस ते पन्नास. डबकं तीन आठवड्यांत आटेल की तीन महिन्यांत, हे दोघांनाही माहीत नसतं. आटलं की सगळे मोठे मासे मरतात. एकही वाचत नाही. उरते ती माती.

पुस्तकांत या माशाचं आयुष्य चार-सहा महिन्यांचं लिहितात. त्या डबक्यात उभी राहिल्यापासून मला ते अपुरं वाटतं. वर्षातले आठ-नऊ महिने हा जीव मातीत असतो. पाण्यातले दिवस थोडे. आपण ज्याला मासा म्हणतो तो या जिवाचा फुलोरा आहे, झाड खाली आहे. मला याबद्दल तुमच्याशी बोलायचंय. प्रश्न विचारा, मला येईल तेवढं सांगते.

अनुस्वार

ताई, सुंदर लिहिलंय. शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून अगदी बाळबोध प्रश्न विचारते. माशाचं अंडं म्हणजे मऊ, पाणीदार गोष्ट. ते आठ महिने उन्हाने तापलेल्या मातीत वाळत कसं नाही? आणि आतलं पिल्लू वाढून उपाशी मरत कसं नाही?

ओंजळ

प्रश्न बाळबोध नाही, सगळी मेख तिथेच आहे.

आधी वाळण्याबद्दल. अंडं जेमतेम मिलिमीटरभर, पण त्याचं कवच चिवट असतं आणि आतलं पाणी सहज बाहेर पडू देत नाही. शिवाय वरचा थर कितीही भाजला तरी खाली थोडी ओल धरलेली असते. अंडं खडखडीत कोरड्यात नसतं, दमट अंधारात असतं.

आता वाढीबद्दल. आतला गर्भ वाढ थांबवतो. साधं मंदावणं नाही, थांबणं. आणि थांबायच्या जागा तीन आहेत.

पहिला थांबा अगदी सुरुवातीला. पेशी अंड्याच्या पृष्ठभागावर विखुरतात, शरीराची आखणी अजून झालेलीही नसते, आणि तिथेच थबकतात. पाणी असताना तळाच्या चिखलात प्राणवायू फार कमी असतो, तेव्हा अंडी या अवस्थेत पडून राहतात. दुसरा थांबा मध्यावर. तोवर डोकं, डोळे, कणा आकाराला आलेले असतात, हृदय धडधडू लागलेलं असतं. ते हृदय मंद होत जातं. सूक्ष्मदर्शकाखाली मी कित्येकदा वाट बघत बसले आहे पुढच्या ठोक्याची. या थांब्यात गर्भ महिनोन्‌महिने राहू शकतो, प्रयोगशाळेत वर्षाहूनही जास्त. तिसरा थांबा शेवटी. पिल्लू पूर्ण तयार, अंड्यात गुंडाळी करून बसलेलं, फक्त पाणी यायची वाट.

उपाशी का मरत नाही, तर थांबलेल्या गर्भाचा खर्चच फार थोडा. बलकाची शिदोरी पुरते.

बांधावरून

यवतमाळ जिल्ह्यात शेती आहे माझी, कापूस आणि तूर. माशांतलं काही कळत नाही, पण मातीचं वाचून राहवलं नाही.

तुम्ही म्हणता पाणी असेतो चिखलात हवा नसते, म्हणून अंडं पहिल्या थांब्यावर राहतं. मग पाणी आटल्यावर, भेगा पडल्यावर हवा खाली जाते आणि ते पुढे सरकतं, असंच ना? आमच्याकडे याला शब्द आहे: वापसा. पाऊस पडून गेल्यावर रान चिबड असतं तोवर त्यात काही उगवत नाही, बी सडतं. पाणी जरा झिरपलं, मातीत ओल आणि हवा दोन्ही बरोबरीने आली की म्हणायचं वापसा आला. तुमच्या माशाच्या अंड्यालाही वापसा लागतो.

दुसरं, भारी काळी जमीन उन्हाळ्यात फाटते, वरची माती भेगांत पडते, पावसात फुगून सगळं परत वर येतं. आमचे वडील म्हणायचे, काळी स्वतःची नांगरट स्वतः करते. तिकडेही तेच होत असेल तर अंडी वरखाली होत असतील.

ओंजळ

दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या प्रयोगशाळेत यावर लांबलचक वाक्यं बोलली जातात आणि एका शब्दात कुणालाच सांगता येत नाही. वापसा. आजपासून मी हाच शब्द वापरणार.

मातीबद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे. दोन्हीकडची माती एकाच कुळातली. पाण्याने फुगणाऱ्या आणि वाळल्यावर आकसणाऱ्या स्मेक्टाइट चिकणमातीची ही जमीन. शास्त्रात तिला व्हर्टिसोल म्हणतात. दख्खनची रेगूर हे तिचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण आहे. पूर्व आफ्रिकेतही इंग्रजीत तिला आपल्यासारखंच कापसाची काळी माती म्हणतात.

ब्रायन वॉटर्स नावाचे एक भूगर्भशास्त्रज्ञ स्वतः या माशांचे शौकीन. त्यांनी आफ्रिकेत वर्षानुवर्षं डबकी पालथी घातली आणि सांगितलं की नोथोब्रँकियस शोधायचा तर आधी माती बघा. फुगणारी चिकणमाती असेल तर मासा असायची शक्यता. लाल जांभ्याची माती असेल, तर डबकं दिसायला कितीही छान असो, मासा मिळत नाही. मोझांबिकमधल्या पाहण्यांतही तेच दिसलं. पाणी किती, खोली किती, यापेक्षा तळाशी कोणती माती आहे यावर सगळं ठरतं. या माशाचा अधिवास सांगताना माणसं पाण्याचा सामू आणि तापमान सांगतात. ते सांगायला हवंच. पण माती सांगितली नाही तर काहीच सांगितलं नाही.

बांधावरून

मग आणखी एक विचारतो. आमच्याकडे मे महिन्यात वळीव येतो. जोरात पडतो, दोन दिवस डबकी भरतात आणि परत कडक ऊन. नवखा माणूस त्यावर पेरून मोकळा होतो आणि मग दुबार पेरणी कपाळी येते. या माशाचं काय होतं? एका खोट्या पावसाने सगळी अंडी फुटली तर त्या डबक्यातलं बीजच संपलं.

ओंजळ

अगदी याच प्रश्नावर हा मासा घडला आहे.

सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. एकाच मादीने एकाच दिवशी घातलेल्या अंड्यांतही काही दुसऱ्या थांब्यावर महिनोन्‌महिने थांबतात, काही तो थांबा ओलांडून सरळ पुढे जातात, काही पहिल्यावरच रेंगाळतात. सरळ गेलेली अंडी तीन-चार आठवड्यांत तयार. त्याच हंगामात डबकं आटून पुन्हा भरलं तर ती फुटतात आणि दुसरं पीक निघतं. वळीव फसवा निघाला तर तयार झालेली तेवढी मरतात, बाकीची खालीच असतात. जाणता शेतकरी सगळं बियाणं पहिल्या पावसावर टाकत नाही, थोडं कणगीत ठेवतो. मादीने ते कणगीतलं बियाणं प्रत्येक हंगामात मातीत ठेवलेलं असतं.

तापमान, प्राणवायू, उजेड यांवर कुणी कुठे थांबायचं ते थोडंफार ठरतं. उष्ण ठेवलेल्या अंड्यांत सरळ जाणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. पण एकाच डबीत, एकाच तापमानात ठेवलेल्या भावंडांतही फरक राहतो, आणि तो फरकच त्यांना तारतो.

निळाई

मी हा धागा रडतच वाचतेय, खोटं नाही सांगत. माझ्याकडे याच कुळातल्या नोथोब्रँकियस गुंथेरीची जोडी होती. एका हौशी पाळणाऱ्याकडून पिल्लं असताना घेतली होती. नर काय देखणा होता! गेल्या दोन महिन्यांत त्याचा रंग उतरत गेला, पाठीला बाक आला, खाणं कमी झालं. मी पाणी बदललं, मीठ घातलं, दुकानदाराने दिलेलं औषध घातलं. परवा गेला. मादी त्याच्या आधी पंधरा दिवस. अकरा महिन्यांचे होते दोघं. नक्की माझं काय चुकलं हे कुणी सांगेल का? शेवटच्या महिन्यांत त्यांच्या भांड्यातलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्यात ते अंडी घालायचे) काढून पिशवीत ठेवलं आहे, तेही टाकून द्यावं का?

काचघर

निळाई, पिशवी टाकू नका! आधी ते सांगतो, बाकी नंतर.

डोंबिवलीत राहतो, वीसेक वर्षं किली पाळतो. तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्ही लिहिलंत ते आजाराचं वर्णन नाही, म्हातारपणाचं आहे. गुंथेरी झांझिबार बेटावरचा. पाळलेला साधारण वर्षभर जगतो. तुमच्याकडे अकरा महिने राहिला म्हणजे त्याने पूर्ण आयुष्य बघितलं. रंग उतरणं, पाठ वाकणं, अंग झिजणं, पोहताना तोल जाणं, हे सगळं या कुळात शेवटच्या आठवड्यांत येतंच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी तापलं की यांचं वय आणखी लवकर पुढे सरकतं. पाणी थोडं गार ठेवलं तर जास्त दिवस राहतात, हे या कुळात प्रयोगांनी दाखवलंय आणि मी घरी दरवर्षी बघतो.

आता पिशवी. कोकोपीट हाताने दाबून पिळलं की थेंब पडू नये, पण हाताला ओल लागावी, इतपत दमट हवं. पिशवीत हवा राहू द्या, तोंड बांधा, तारीख लिहा आणि कपाटात अंधारात ठेवा. महिन्याने एकदा उघडून पसरायचं, मोकळं करायचं, परत बांधायचं. गुंथेरीला तीनेक महिने लागतात. मग भिंगाने अंडी बघा. आत दोन काळे डोळे दिसतील. त्या डोळ्यांभोवती सोनेरी कडं दिसू लागलं की पिल्लू तयार. तेव्हाच पाणी घालायचं, आधी नाही. पाणी खोलीतल्या तापमानापेक्षा थोडं गार घ्या आणि दोन-तीन बोटंच भरा.

उथळ का, तेही सांगतो. फुटल्याबरोबर पिल्लाला पृष्ठभागावर जाऊन हवेचा घोट घ्यायचा असतो, त्याने त्याची हवेची पिशवी भरते. ज्यांना जमत नाही ती आयुष्यभर तळाशी पोट घासत सरकतात. फार लवकर पाणी घातलं की अशी पिल्लं जास्त निघतात. पहिल्या दिवसापासून ताजी फुटलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी) द्या, दिवसातून दोनदा तरी. यांना उपास चालत नाही.

निळाई

खूप आभार. पिशवीवर तारीख आहे. अडीच महिने होत आले. भिंग शोधते.

तिन्हीसांजा

निवृत्त डॉक्टर आहे, वृद्धांचेच रुग्ण जास्त बघितले. ओंजळ यांना विचारतो: जगात अल्पायुषी प्राणी पुष्कळ आहेत, माशा आहेत, कृमी आहेत. मग प्रयोगशाळांनी हा आफ्रिकन मासाच का धरला? आणि याचं म्हातारपण खरोखर आपल्यासारखं आहे की नुसतं लवकर मरणं आहे?

ओंजळ

डॉक्टरसाहेब, फळमाशी आणि कृमींनी खूप शिकवलं, पण त्यांना कणा नाही, आपल्यासारखं रक्त नाही, आपल्यासारखी प्रतिकारशक्ती नाही. उंदीर जगतो अडीच-तीन वर्षं. म्हातारपणाचा एक प्रयोग पुरा व्हायला तेवढा काळ जातो. गोनारेझूतून आलेली या माशाची जुनी जात शौकिनांनी पिढ्यान्‌पिढ्या पिशव्यांतून एकमेकांना पाठवत तीसेक वर्षं जिवंत ठेवली होती. २००३ साली वाल्देसालिची आणि चेल्लेरिनो या संशोधकांनी तिचं आयुष्य मोजलं. बारा आठवड्यांच्या आत सगळं संपत होतं. टाकीत, भरपूर खायला असताना, शत्रू नसताना. त्यानंतर प्रयोगशाळांचं लक्ष इकडे वळलं.

आणि हो, हे खरं म्हातारपण आहे. शिकण्याची क्षमता कमी होते, हालचाल मंदावते, अंडी कमी होतात, यकृतात गाठी येतात, पेशींत वार्धक्याचा पिवळट गाळ साठतो. २०१५ साली याचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला, जर्मनीतल्या येना आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड इथल्या दोन गटांनी एकाच वेळी प्रसिद्ध केला. लाल द्राक्षांत असणारं रेझव्हेराट्रॉल खाण्यातून दिलं तर आयुष्य वाढतं, हे २००६ मध्ये दिसलं. माझा सर्वांत आवडता प्रयोग जर्मनीतल्या कोलोनचा, २०१७ मधला: मध्यमवयीन माशांच्या आतड्यातले जंतू औषधाने काढून तिथे तरुण माशांचे जंतू दिले, आणि ते मासे जास्त जगले, म्हातारपणीही चपळ राहिले.

तिन्हीसांजा

मग मूळ प्रश्न उरतो. टाकीत डबकं आटत नाही. तरी तो बारा आठवड्यांत का मरतो?

ओंजळ

यावर माझं मत काही वर्षांत बदललं, म्हणून सविस्तर लिहिते.

पूर्वी मला वाटायचं, आयुष्य आखूड करणं हीच या माशाची हुशारी आहे. डबकं आटणारच, तर लवकर वाढा, लवकर संपा. मोझांबिकमध्ये किनाऱ्याकडून आत जाल तसा पाऊस कमी होतो, डबकी लवकर आटतात. आतल्या कोरड्या भागातल्या माशांची आणि किनाऱ्याकडच्या ओल्या भागातल्या माशांची पिल्लं एकाच प्रयोगशाळेत वाढवली, तर कोरड्या भागातली कमी जगतात. २००४ साली मोझांबिकमधून आणलेल्या जाती सहा-सात महिने सहज काढतात, गोनारेझूची जुनी जात त्याच्या निम्म्यातच आटोपते. यावरून हिशोब सरळ वाटतो.

पण २०१९ साली कोलोनच्या गटाने ४५ किलीफिश प्रजातींचे जनुकसंच तपासले आणि दुसरी गोष्ट पुढे आली. ही डबकी एकमेकांपासून तुटलेली. प्रत्येकात थोडेच मासे. अशा लहान वस्तीत वाईट बदल गाळून टाकायची निसर्गाची चाळणी सैल पडते. त्यातून म्हातारपणी त्रास देणारे बदल तर निवडीला दिसतच नाहीत, कारण म्हातारपण यायच्या आत डबकं आटतं. ते दोष साठत गेले. म्हणजे लवकर मरणं कुणी निवडलेलं नाही. कुणी अडवलं नाही, म्हणून ते आलं. आता मला हे जास्त पटतं, आणि त्यामुळे त्या माशाकडे बघताना जीव जास्त तुटतो.

चार-सहा महिन्यांचं आयुष्य मला अपुरं वाटतं, असं सुरुवातीला म्हणाले होते. आता त्याकडे येते. २०२० साली स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की अंड्यात कितीही दीर्घ थांबा घेतला तरी पुढच्या आयुष्यातून काही वजा होत नाही. बराच काळ थांबलेला मासा आणि न थांबलेला मासा, दोघं सारखेच वाढतात, सारखीच अंडी देतात, सारखेच जगतात. सीबीएक्स७ नावाचं प्रथिन त्या काळात स्नायू जपायला मदत करतं. म्हणजे मातीतले महिने वयात धरलेच जात नाहीत. वार्धक्य पाण्यात सुरू होतं.

तिन्हीसांजा

रात्रभर हे डोक्यात राहणार आहे. हृदय असलेला, मेंदू असलेला जीव काळ थांबवतो, आणि त्याची किंमत मोजत नाही. आम्ही अवयव काही तास टिकवायला धडपडतो.

सड्यावरची

रत्नागिरीकडून. तुम्ही जांभ्याच्या मातीत हा मासा नसतो म्हणालात, म्हणून लिहितेय. आमच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या पठारांवर, जांभा दगडच आहे, आणि पावसाळ्यात त्यावर लहान-मोठी डबकी भरतात. त्यांत मासा नसतो, पण बारीक पारदर्शक कोळंबीसारखे जीव उलटे पोहतात, पाठ खाली, पाय वर. दसऱ्यापर्यंत पाणी आटतं, दगड तापतो, आणि पुढच्या पावसात परत तेच. लहानपणी आम्ही समजायचो की ते ढगातून पडतात.

ओंजळ

त्यांना इंग्रजीत परी कोळंबी म्हणतात. त्यांची अंडीही अशीच वाळून थांबतात; किंबहुना ती या माशापेक्षा खूपच जास्त कोरडेपणा सोसतात. आफ्रिकेतल्या डबक्यांतही परी कोळंब्या असतात. असेच थांबून उठणारे पाणपिसू आणि इतर सूक्ष्म कवचधारी हे या माशाचं मुख्य अन्न. पाणी आलं की जेवण आणि जेवणारा दोघं एकाच मातीतून उठतात. सोबत कीटकांच्या अळ्या.

आणि या माशाला खाणारेही आहेत. बगळे, खंड्या. राक्षसी पाणकिडे सोंड खुपसून मासा धरतात. रानातल्या मोठ्या माशांत माद्या नरांपेक्षा जास्त सापडतात, कारण रंगीत, धिटाईने फिरणारे नर आधी उचलले जातात. पाणी असं गढूळ की हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसत नाहीत. तरी नर रंग मिरवतोच. दिवसा पाणी पस्तीस अंशांच्या वर जातं, पहाटे विशीत उतरतं. सोबतीला त्याच कुळातला नोथोब्रँकियस ऑर्थोनोटस असतो, आणि चिखलात पुरून घेणारा फुप्फुसमासा. बाकी बहुतेक माशांना हे डबकं परवडत नाही. म्हणूनच ते यांचं आहे.

गावतळं

एक व्यवहाराचा विचार. पालिका डासांसाठी गप्पी मासे सोडते, आणि डबकं आटलं की ते मरतात, दरवर्षी नव्याने सोडावे लागतात. हा मासा एकदा सोडला की दरवर्षी आपोआप उगवेल. आपल्याकडे काळी मातीही आहे. असा प्रयोग का करू नये? डेंग्यूने घरातलं माणूस गेलंय माझ्या, म्हणून कळकळीने विचारतोय.

ओंजळ

तुमच्या घरातल्या दुःखाबद्दल ऐकून वाईट वाटलं. तरीही उत्तर स्पष्ट देते: नाही, कधीही नाही. हा विचार आफ्रिकेतही झाला होता. पूर्व आफ्रिकेत नोथोब्रँकियस गुंथेरीसारख्या तिथल्याच माशांचा डासांसाठी उपयोग करण्यावर काम झालं. पण ते त्यांच्या घरचे मासे होते. आपल्या पावसाळी डबक्यांत बेडूक अंडी घालतात, परी कोळंब्या असतात, चतुरांच्या अळ्या असतात. या सगळ्यांना हे डबकं सुरक्षित आहे ते तिथे मासा नसतो म्हणून. तिथे दर पावसात मातीतून उठणारा, दोन आठवड्यांत वयात येणारा मासा सोडला तर तो परत काढताच येणार नाही. गाळ उपसूनसुद्धा नाही. शिवाय डेंग्यूचा डास घरातल्या टाकीत, कुंडीखालच्या ताटलीत, टायरात वाढतो. तिथे हा मासा काय करणार?

काचघर

पाळणाऱ्यांनाही हेच सांगणं. वापरलेलं कोकोपीट बागेत किंवा गटारात टाकू नका. उकळत्या पाण्यात घालून मगच फेका. आणि पिशव्यांवर जातीचं नाव, ठिकाणाचा संकेत लिहायला विसरू नका. मोझांबिकच्या माशांना एमझेडएम, पुढे वर्षाचे दोन आकडे, पुढे जागेचा क्रमांक, असा संकेत असतो. वेगवेगळ्या डबक्यांतले मासे एकत्र वाढवले तर ती ओळख कायमची जाते.

अनुस्वार

एक शेवटचं. डबकी तुटलेली, नदी नाही, तर मुळात मासा एका डबक्यातून दुसऱ्यात पोहोचला कसा?

ओंजळ

मोठा पूर येतो तेव्हा माळरान पाण्याखाली जातं, ती एक वाट. हत्ती आणि म्हशी चिखलात लोळून दुसऱ्या डबक्यावर जातात, अंगावरच्या चिखलातून अंडी जात असतील असा अंदाज आहे. मला तो फार आवडतो, पण त्याचा पक्का पुरावा नाही. पक्ष्यांबाबत मात्र दक्षिण अमेरिकेतल्या किलीफिशवर प्रयोग झालाय. हंसांना अंडी खाऊ घातली; शंभरातलं जेमतेम एक विष्ठेतून शाबूत आलं, आणि शाबूत आलेल्यांतल्या एकातून पिल्लू निघालं. तरी हे क्वचितच घडतं. शेजारच्या नदीखोऱ्यांतले मासे जनुकांनी खूप वेगळे पडलेले दिसतात. म्हणून एक डबकं भराव घालून बुजवलं, त्यावरून रस्ता गेला, की तिथली ओळ तिथेच संपते. दुसरीकडून कुणी येत नाही.

बांधावरून

परवा पहिला पाऊस झाला. बांधाच्या कोपऱ्यात सखल जागेत पाणी साचतं, दरवर्षी मी चर काढून ते वाहून लावतो. यंदा चार दिवस तसंच ठेवलंय. पोराला घेऊन बसलो होतो. मासा नाही, पण बारीक काहीतरी हलत होतं, पाण्यात लाल ठिपक्यासारखं. फोटो काढून टाकतो, ओळखून द्या.

ओंजळ

नक्की टाका. पांढऱ्या बशीत थोडं पाणी घेऊन वरून काढा, म्हणजे पाय दिसतील.

निळाई

काल भिंगाने पाहिलं. डोळे आहेत! तीन-चार अंड्यांना सोडून सगळ्यांना सोनेरी कडं आहे.

आज सकाळी साडेसातला पाणी घातलं, माठातलं. नऊला पहिलं हललं. अकरापर्यंत एकोणीस मोजली. दोन तळाशी सरकतायत, बाकीची वर गेली. आर्टेमिया रात्रीच लावून ठेवली होती.

काचघर

दुपारी पुन्हा खायला द्या. आणि उरलेलं कोकोपीट गाळून परत पिशवीत भरा, तारीख घालून. न फुटलेली अजून आत आहेत.